हात न लावलेला फोटो

५ जानेवारी २०२५, रविवार

प्राप्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडून टाकणार असशील, तर आधी आतले चार फोटो काढून घे. पत्र मग खुशाल फाड. फोटोंनी तुझं काही वाकडं केलेलं नाही.

तू आत्या झालीस. मुलगा पाच महिन्यांचा आहे, नाव दक्षेश. एवढं भारदस्त नाव कोणाच्या तोंडी बसत नाही म्हणून सगळे दक्षू म्हणतात. त्याची आई हर्षाली, पेणची. आमच्या लग्नाची पत्रिका तुला पाठवली होती, ती पोचली की परत गेली ते कळलं नाही. तुझा पत्ता तेव्हा चुकीचा होता बहुतेक. आता बरोबर आहे, कारण दिवाळीत तू आईला पोर्ट ब्लेअरहून पाकीट पाठवलंस, त्यावर होता. फोन नंबर नव्हता. तो तू मुद्दाम लिहिला नाहीस, हे मला कळतं.

तुझ्या मुलीचा फोटो आईने तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. तांदूळ घ्यायचे नसले तरी दिवसातून दोनदा डबा उघडते. मागे नुसतं ‘आईला बघायला’ असं लिहिलंयस, पोरीचं नावही नाही. आम्ही आपले तिला ‘प्राप्तीची’ म्हणतो.

दक्षूचा एक फोटो मी दर रविवारी घरच्या ग्रुपवर टाकतो. बहारीनचे काका, सुरतची मावशी, आपले सगळे मिळून त्रेचाळीस जण आहेत. सोमवार सकाळपर्यंत कौतुकाने फोन गरम होतो. काका म्हणतात, पोरगा कॅलेंडरवर छापण्यासारखा आहे. रेवसच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ टाकल्यापासून एवढी वाहवा माझी कोणी केली नव्हती. तू तेवढी ग्रुपवर नाहीस, म्हणून तुला कागदावर.

माझ्यावरचा राग गेला नसेल. जाऊ नये असंच मी वागलो. लग्न जमवायला तुझा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर तुझा उजवा डोळा उचलून, उलटा करून डाव्या रिकाम्या खोबणीवर बसवला. वर तुला सांगितलंही नाही. पाहुणे आले, मुलाच्या आईने फोटो आणि तू असं दोनदा पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, फोटोतली मुलगी बोलवा. चार वर्षं झाली, अजून ते आठवलं की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसतो.

एक विचारायचं होतं, सहज. तुझ्या डोळ्यात मिठाचा खडा गेला तेव्हा तू नक्की किती महिन्यांची होतीस? बाबा मिठागरात मीठ ओढत होते, तू बांधावर बसली होतीस, खडा उडाला, डोळा गेला, एवढंच मला माहीत आहे. मी तेव्हा मावशीकडे होतो. आईला विचारलं तर ती म्हणाली, जुन्या गोष्टी कशाला उकरतोस.

आणि तुझ्या मुलीचा फोटो छान आहे, पण त्यात ती झोपली आहे. जागेपणीचा एक पाठव. फ्लॅश मारून काढ. काही विशेष कारण नाही.

विनेश


२ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्राप्ती,

पहिलं पाकीट गुरुवारी परत आलं. ‘घेण्यास नकार’ असा शिक्का होता. दयाराम पोस्टमनने ते माझ्या हातात देताना तोंड दुसरीकडे केलं. न उघडलेलं पाकीट पुन्हा या पाकिटात घालून पाठवतोय.

मागच्या रविवारी दक्षूचं उष्टावण झालं. खीर त्याने चाटली कमी आणि उडवली जास्त. मी फोटो काढत होतोच, पण आपल्या प्रज्योतने, धाकट्या काकांच्या मुलाने, स्वतःच्या मोबाईलवर एक काढला आणि मला न विचारता ग्रुपवर टाकला. त्यात दक्षूचा उजवा डोळा नेहमीचा होता. डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी होती. कोणीतरी खाली मांजरीचं चित्र टाकलं आणि हसले. मी प्रज्योतला तिथल्या तिथे फोटो काढून टाकायला लावला. त्याला वाटलं मी धंद्याचा गर्व करतोय.

आता तुला सांगतो, कारण तू वाचणार नाहीस असं अर्धं मन म्हणतंय. तो पांढरा ठिपका मी पहिल्यांदा पाहिला नव्हता. दिवाळीपासून माझ्या कॅमेऱ्यातही येतोय. प्रत्येक फोटोत नाही, मान थोडी वळली की. मला वाटलं फ्लॅश कुठेतरी आपटून परत येतोय. लोकांचे डोळे फ्लॅशमध्ये लाल येतात, ते मी रोज काळे करतो. तसाच हाही. उजवी बाहुली उचलायची, डावीवर ठेवायची, अर्ध्या मिनिटाचं काम. तुला पाठवलेल्या चारपैकी दोन फोटोंत मी ते केलेलं आहे.

उष्टावणाच्या दिवसापासून आई दक्षूला खिडकीकडे तोंड करून घेत नाही. मी दुकानातून आलो की त्याला पदराखाली घेते. विचारलं तर म्हणते, उजेडाने त्याची झोप मोडते.

हर्षालीने मात्र प्रज्योतचा फोटो पुसायच्या आधीच पाहिला होता. बुधवारी मला न सांगता पोराला घेऊन अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बॅटरीने पाहिलं आणि चिठ्ठी लिहून दिली, मुंबईला जा, याच आठवड्यात जा. कशासाठी, ते स्पष्ट सांगितलं नाही. तेवढं तिने घरी येऊन सांगितलं आणि भाकऱ्या करायला बसली. मी मागच्या पडवीत गेलो. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही.

मला भीती वाटतेय, बाय. बाबा असते तर त्यांच्याशी बोललो असतो.

विनेश


१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

प्राप्ती,

आजचं पत्र मोठं आहे आणि मी ते एका दमात लिहिणार आहे. थांबलो तर काहीतरी गाळीन, ती माझी सवय आहे.

मुंबईची तारीख या सोमवारची मिळाली. आम्ही चौघं रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून टॅक्सीने हॉस्पिटलला गेलो. दक्षूला भूल देऊन डोळे तपासले. डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं. दक्षूच्या डाव्या डोळ्यात गाठ आहे, कॅन्सरची. लहान मुलांच्या डोळ्यात होते तशी. फोटोत लाल यायला हवं तिथे पांढरं येतं ते तिच्यामुळे. लाल म्हणजे डोळ्याचा पडदा स्वच्छ दिसतोय, लाल आलेलं चांगलं, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना सांगितलं नाही की माझा धंदा काय आहे.

उजवा डोळा आज चांगला आहे. डावा काढावा लागेल, नाहीतर गाठ डोक्यात जाईल. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

मग त्यांनी विचारलं, घराण्यात कोणाला लहानपणी डोळ्याचा असा आजार होता का. हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाही, बहिणीचा डोळा गेलाय पण तो अपघात. डॉक्टरांनी लिहून घेतलं. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने मान वर केली नाही.

परत येताना लाँचवर हर्षाली पोराला घेऊन आत बसली होती. आई माझ्याबरोबर बाहेर कठड्यापाशी होती. धक्का दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली,

“खडा बिडा काय नव्हता. गाठ व्हती. प्रापतीचे डोल्यान पन असाच चकाकाचा, दिव्याचे म्होरं नेली का.”

मी विचारलं, मग मीठ, बाबा, ते सगळं काय होतं.

“घरान रोग हाय असा कोन बोलला असता त तुमची दोगांची लग्ना झाली असती का? तुझा बाप बोलला, माझे हातून झाला म्हनून सांगू. बापाचे हातून झाला त पोरीवर बोल न्हाय येनार.”

तू दीड वर्षाची होतीस. तीन महिने तुम्ही तिघं मुंबईत होता. परत आल्यावर बाबांनी गावभर स्वतःच्याच तोंडाने सांगितलं की माझ्या हातून खडा उडाला. सव्वीस वर्षांत एकदाही ते बदललं नाही. हॉस्पिटलचे कागद आईने चुलीत घातले. आपण मोठे झालो, तू बाबांशी बोलणं टाकलंस, ते अंगणात एका बाजूला जेवायचे, तरी ते गप्पच. तू त्यांना म्हणाली होतीस, पोर सांभाळता येत नव्हती तर मिठागरात नेली कशाला. मी तिथे होतो. बाबांनी तेव्हा फक्त ‘व्हय बाय’ म्हटलं होतं. तू बाबांच्या हातून काहीच गमावलेलं नाहीस. हे तुला त्यांच्या तोंडून कळायला हवं होतं, माझ्याकडून नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा हॉस्पिटलला गेलो आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग हे घराण्यातून आलेलं असण्याचा संभव खूप आहे. ते तुमच्या मुलात तुमच्याकडून आलं असेल, तुम्हाला काही झालं नसलं तरी. मग विचारलं, बहिणीला मुलं आहेत का.

मी म्हणालो, एक मुलगी आहे. वर्षाच्या आतली.

त्या म्हणाल्या, तिच्यातही हा दोष असण्याची शक्यता अर्धी आहे. आजच कळवा. भूल देऊन दोन्ही डोळे तपासायला हवेत, आणि पुढे काही वर्षं पुन्हा पुन्हा.

उठता उठता मी आणखी एक विचारलं. पोराला नोव्हेंबरमध्ये आणला असता तर? त्यांनी दक्षूचे कागद पुन्हा उघडले. म्हणाल्या, तेव्हा गाठ लहान असती, डोळा वाचवायचा प्रयत्न कदाचित करता आला असता. नोव्हेंबरमध्ये दिसलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही.

घरी येऊन मी तांदळाच्या डब्यातला तुझ्या मुलीचा फोटो काढला आणि दुकानात नेऊन भिंगाखाली धरला. पापण्या मिटलेल्या. तासभर धरला. मिटलेल्या पापण्यांतून काय दिसणार होतं?

तुझ्या नवऱ्याच्या जहाज कंपनीच्या ऑफिसचा नंबर शोधून फोन लावला. ते जहाजावर आहेत, पंधरा दिवसांनी येतील, असं सांगितलं. मी निरोप दिला, तो समोरच्याने लिहून घेतला. काय लिहिला देव जाणे, कारण मला हुंदका आला होता. तुझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी दिला नसता म्हणाले, ते बरोबरच आहे.

दुसरं पाकीटही आज परत आलं. तोच शिक्का. म्हणजे हे पत्रही तू उघडणार नाहीस. लिहिताना मला ते माहीत होतं. तरी लिहिलं, कारण सगळं एकदा कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं होतं.

तुला उघडावं लागणार नाही असं काहीतरी पाठवायला हवं. फोटो आम्ही गिऱ्हाइकाला पारदर्शक पिशवीत घालून देतो. दक्षूचा एक फोटो, मागे सगळं लिहून, तशा पिशवीत घालून पाठवतो. ते इथे दयाराम वाचेल, पोस्टात सगळे वाचतील, संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. ज्यासाठी बाबा जन्मभर बोल खात राहिले ते मी उघड्यावर टाकणार आहे. आईला विचारलेलं नाही. हर्षालीलाही सांगितलेलं नाही. विचारत बसलो तर माझी हिंमत होणार नाही.

विनेश


फोटोच्या मागच्या बाजूला, त्याच तारखेचं

प्राप्ती, पुढचा फोटो माझ्या मुलाचा आहे. डावा डोळा पांढरा दिसतो तो कॅन्सर आहे. मी नोव्हेंबरपासून तो फोटोंतून पुसत होतो. तुझा डोळाही याच रोगाने गेला, मिठाने नाही. आईने सांगितलं. बाबांनी खोटा आळ स्वतःवर घेतला होता. तुझ्या मुलीला हा रोग असू शकतो. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना लगेच दाखव, भूल देऊन तपासायला सांग. मला उत्तर देऊ नकोस. तिला ने. विनेश.


४ मार्च २०२५, मंगळवार

प्राप्ती,

तुझा नंबर आता माझ्याकडे आहे, पण हे मला फोनवर बोलता येणार नाही, म्हणून पुन्हा कागद.

ती पिशवी मी दयारामच्या हातात दिली तेव्हा त्याने पुढची बाजू पाहिली, मग मागची. सावकाश वाचली. तो बाबांच्या बरोबरीचा, मिठागरात त्यांच्या शेजारचा वाफा त्याचा होता. त्याने शिक्का मारला आणि म्हणाला, मी स्वतः अलिबागला नेऊन टाकतो. त्याने गावात सांगितलं नाही. पण खिडकीवर माझ्या मागे दोघं उभे होते, त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी ते हर्षालीला कळलं होतं. ती ओट्यावर बसली होती, दक्षू मांडीवर. तिने एवढंच विचारलं,

“किती महिने?”

मी म्हणालो, तीन. ती उठली आणि पोराला घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. हॉस्पिटलच्या तारखांना ती पेणहून परस्पर येते, मी इथून जातो. बाकावर आमच्यामध्ये दक्षूची पिशवी असते. तिचे वडील मला काही बोलले नाहीत, त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई तीन दिवस बाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी भावकीतल्या बायका बसायला आल्या आणि त्यातल्या एकीने हळूच सांगितलं की तिच्या नणंदेच्या बाळाचाही डोळा फोटोत तसाच येतो, कोणाला दाखवायचं. आईने उठून तिला डॉक्टरांचं नाव लिहिलेला कागद दिला. मी दाराआडून ऐकत होतो.

आणि तुझ्याकडून काही नाही. रोज मी दिवस मोजायचो. पिशवी पोचली असेल, नसेल, तू फेकली असशील, ठेवली असशील. दुकानात कोणाच्या बाळाचा फोटो काढायला आले की मी आधी त्याच्या बाहुल्या बघायचो. एका बाईला मी तीनदा फ्लॅश मारून बघितला, ती म्हणाली, दादा, पोर रडतंय, पुरे.

रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोटो आला. मी गिऱ्हाइकासमोर उघडला नाही. शटर ओढलं, मग उघडला. अंधारी खोली, समोरून फ्लॅश, तुझ्या मांडीवर ती. खाली तू लिहिलंस, ‘इरावती. नऊ महिने. याला हात लावू नकोस.’

मी तो मोठ्या पडद्यावर घेतला. इतका मोठा केला की नुसते चौकोन दिसायला लागले, मग कमी केला. दोन्ही बाहुल्या लाल. डावी लाल, उजवी लाल. बारा वर्षं मी लोकांच्या डोळ्यांतला हाच रंग पुसून पैसे घेतले. परवा त्या दोन लाल ठिपक्यांसमोर बसून मी इतका रडलो की शेजारचा टेलर शटर वाजवायला लागला.

फोटो आईला दाखवला. तिने नाव दोनदा म्हणून बघितलं. हर्षालीलाही पाठवला. तिने उत्तरात लिहिलं, ‘बरं झालं.’ पंधरा दिवसांत तिने मला लिहिलेले पहिलेच शब्द आहेत.

दक्षूला परवा सकाळी आत नेणार आहेत. त्याला काही कळत नाही, पाय तोंडात घालून हसत असतो. मला त्याच्याकडे बघताना लाज वाटते आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. ऑपरेशननंतरचा पहिला फोटो मी काढणार आहे. पट्टी असेल तर पट्टीसकट, खोबणी असेल तर खोबणीसकट. ग्रुपवर टाकू का नको ते हर्षाली ठरवेल. तुला पाठवू का, ते तू सांग.

इरावतीला चेन्नईच्या डॉक्टरांची तारीख वीस मार्चची मिळाली आहे असं तू काल मेसेजमध्ये लिहिलंस. ती चुकवू नकोस. विमान रद्द झालं तर बोटीने जा. लाल आलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस, आत कोपऱ्यात लहानशी गाठ असली तर ती कॅमेऱ्याला दिसत नाही. फोटोवर किती विश्वास ठेवायचा, ते तुला मी सांगायला नको.

विनेश